वैशाख वणवा : अकोल्याचा आणि ॲरिझोनाचा

(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला होता ‘माझा अमेरिकेतील प्रवास’. तो मी परत केला. त्या प्रवासात सांगण्यासारखं फारसं नाही. अमरावतीला इंजिनिअरिंग केलं, पुण्यात नोकरी केली, कंपनीने दोन वर्षांसाठी फिनिक्सला पाठवलं, ती दोन वर्षं अजून संपलेली नाहीत. झाला प्रवास. त्याऐवजी आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुम्ही मला विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर देते. तेव्हा ते मोबाइलवर दोन बोटांनी नीट देता आलं नव्हतं.

२०२५ च्या जानेवारीत लॉस एंजेलिसला आगी लागल्या, तेव्हा एका रात्रीत ग्रुपवर चाळीसेक निरोप आले. ‘आग तुझ्या घरापर्यंत आली का?’ ‘काहून राहतेस वं तिथं, ये वापस.’ मी लिहिलं की लॉस एंजेलिस माझ्या घरापासून सहाशे किलोमीटर आहे, म्हणजे अकोल्याहून मुंबई. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला आणि विषय तिथेच मिटला. पण आमच्याकडे आगीचा मोसम जानेवारीत नसतोच. तो असतो मे आणि जूनमध्ये. मे महिन्यात मात्र मला कुणी काही विचारलं नाही, कारण तेव्हा तुम्ही स्वतःच उन्हाने बेजार होता.

आपल्याकडे ‘वैशाख वणवा’ म्हणतात. त्या शब्दात उन्हालाच वणवा म्हटलंय. ॲरिझोनात इतकी वर्षं राहिल्यावर मी हे दोन शब्द वेगळे ठेवायला शिकले. ऊन सगळ्यात कडक असतं तो दिवस वणव्याचा असेलच असं नाही. आणि वणवा ज्या दिवशी माणसं मारतो, त्या दिवशी कदाचित आकाशात ढग आलेले असतात आणि खालच्या लोकांना वाटत असतं, सुटलो एकदाचे.

भूगोलाच्या बाई समोरच बसल्या आहेत. बाई, तुम्ही फळ्यावर वाळवंट काढलं होतं, ते मला अजून आठवतं : वाळूच्या तीन टेकड्या, एक उंट, एक खजुराचं झाड. फिनिक्स ज्यात वसलंय त्या सोनोरन वाळवंटात तुम्हाला हे चित्र दिसणार नाही. तिथे झाडं आहेत, आणि बरीच आहेत. पालो वर्दे नावाचं हिरव्या सालीचं झाड एप्रिल-मे मध्ये आपल्या बहाव्यासारखं पिवळंधमक होतं. मेस्किट नावाचं काटेरी झाड आहे, ते आपल्या वेड्या बाभळीच्या जवळच्या नात्यातलं. आणि सग्वारो, म्हणजे सिनेमात दिसणारा, हात वर केलेला उंच निवडुंग. वर्षाचा पाऊस साधारण १८० मिलिमीटर. आपल्याकडे एका चांगल्या जुलैत याहून जास्त पडतो. तोही दोन हप्त्यांत येतो. थोडा हिवाळ्यात, रिमझिम. थोडा जुलैपासून सप्टेंबरपर्यंत, गडगडाटासह. मधले मे आणि जून कोरडे ठणठणीत. दोन्ही महिने मिळून सरासरी पाच मिलिमीटरसुद्धा नाही.

आता उन्हाचे आकडे सांगते, कारण अकोलेकराला आकडे ऐकल्याशिवाय चैन पडत नाही. फिनिक्सचा उच्चांक आहे १२२ फॅरनहाइट, म्हणजे ५० अंश. तारीख २६ जून १९९०. त्या दिवशी विमानतळावर काही विमानं उडालीच नाहीत, कारण तापलेल्या विरळ हवेत विमानाला किती धावपट्टी लागेल याचे तक्ते १२० फॅरनहाइटलाच संपत होते. २०२३ च्या उन्हाळ्यात सलग ३१ दिवस पारा ११० च्या वर होता, म्हणजे ४३ अंशांच्या वर. त्यात १९ जुलैची रात्र अशी गेली की सगळ्यात थंड क्षणीही ३६ अंश होतं. आपण अकोल्यात ४६ अंश सोसलेत, पण रात्री गच्चीवर पाणी मारलं, गाद्या टाकल्या की पहाटे चादर ओढावी लागायची. तिथे डांबर आणि काँक्रीट दिवसभर ऊन पितात आणि रात्रभर परत देतात. गच्चीवर झोपायची सोयच उरलेली नाही.

एके काळी होती बरं का. वातानुकूलन घरोघरी येण्याआधी फिनिक्सची माणसं उन्हाळ्यात पडवीत खाटा टाकून, ओल्या चादरी पांघरून झोपायची. १९३० च्या दशकात तिथे आपल्यासारखेच कूलर आले. ओल्या लाकडाच्या भुशातून पंख्याने हवा ओढायची, तेच तंत्र. तिथेही कूलर मे-जूनमध्ये झकास चालतात आणि पावसाळी हवा आली की निकामी होतात. हे वाचलं तेव्हा मला आपल्या मावश्यांचे वाळ्याचे पडदे आठवले.

माझे बाबा पहिल्यांदा मे महिन्यात आले. तिकीट स्वस्त होतं. तुमच्यापैकी काही जणांनी त्यांना पाहिलंय. कृषी खात्यातून निवृत्त झाले, आयुष्यभर मोटारसायकलवर बाळापूर-पातूर केलं, ऊन हा त्यांच्या लेखी बातमीचा विषयच नव्हता. सकाळी दहाला फिरून आले आणि म्हणाले, ‘४१ आहे म्हणतेस, पण घाम कुठं येतोय? हे तर अकोल्यापेक्षा बरं.’ घाम येत होता. हवेत आर्द्रता सात-आठ टक्के, त्यामुळे तो दिसण्याआधीच उडून जात होता. शर्टावर फक्त मिठाच्या रेघा राहत होत्या. तहान लागल्यासारखं वाटत नाही म्हणून पाणी घेत नव्हते, आणि लेक सांगते म्हणून तर मुळीच नाही. तिसऱ्या दिवशी पायात गोळे आले, उभं राहवेना. दवाखान्यात दोन बाटल्या सलाइन लागलं. तिथली नर्स मला म्हणाली की या शहरात येणारा प्रत्येक उष्ण देशातला पाहुणा हेच म्हणतो, आम्हाला ऊन काय नवीन आहे.

फिनिक्स ज्या मॅरिकोपा काउंटीत येतं, तिथे २०२३ मध्ये उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. जवळपास निम्मी माणसं बेघर होती. जी घरात मेली त्यांच्यापैकी बहुतेकांच्या घरी एसी होता, पण तो चालत नव्हता, किंवा चालवायला परवडत नव्हता. २०१८ मध्ये थकबाकीसाठी वीज तोडल्यावर एक वृद्ध बाई घरातच गेल्या. त्यानंतर नियम झाला, आणि आता उन्हाळ्याच्या महिन्यांत थकबाकीसाठी वीज तोडता येत नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण ‘अमेरिकेत काय, सगळीकडे एसी’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं. एसी आहे, आणि सगळं शहर त्या एका तारेला लटकलेलं आहे. ती तार पुढे पुन्हा येईल.

इथवर उन्हाचं झालं. आता वणवा.

अमेरिकेचं हवामान खातं ‘रेड फ्लॅग वॉर्निंग’ नावाचा इशारा देतं. लाल बावटाच म्हणा. पहिल्या वर्षी मला वाटलं, हा फार ऊन पडल्यावर देत असतील. नाही. त्यासाठी तापमानाची अट अशी नसतेच. आमच्या भागात पाहतात तीन गोष्टी : हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या खाली आहे का, काही तास सलग जोराचा वारा राहणार आहे का, आणि जमिनीवर पेट घेण्याजोगं वाळलेलं काही आहे का. मे आणि जूनच्या सुरुवातीला पॅसिफिकवरून कमी दाबाची एखादी लाट उत्तरेकडून सरकून जाते. तेव्हा नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि तापमान उलट तीन-चार अंशांनी उतरतं. लोक म्हणतात, वा, आज बरं वाटतंय, चला कॅम्पिंगला. आणि नेमका त्याच दिवशी बावटा लागलेला असतो.

उन्हाचा यात काहीच हात नाही असं मात्र नाही. ३० अंशांची हवा ४० वर गेली की वाफ पोटात घ्यायची तिची ताकद पावणेदोन पट होते. म्हणजे तितकी ती जास्त हावरट होते. माती, पानं, काड्या, माझे बाबा, जे सापडेल त्यातलं पाणी ओढते. आठवडेच्या आठवडे ऊन हेच काम करत असतं. ते सरण रचतं. पेटवतं दुसरंच कुणी.

यात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, आणि इथे माझ्यातली इंजिनिअर थोडी बोलणार आहे, ती म्हणजे इंधन तासांत मोजायची त्यांची पद्धत. पाव इंचाहून बारीक गवत-काडी हे ‘एक तासाचं’ इंधन. एक इंचापर्यंतची फांदी ‘दहा तासांचं’, तीन इंचांपर्यंत ‘शंभर तासांचं’, आणि आठ इंचांपर्यंतचा ओंडका ‘हजार तासांचं’. तास म्हणजे काय? भोवतालची हवा बदलली की त्या वस्तूतला ओलावा त्या हवेशी जुळवून घ्यायला साधारण किती वेळ घेतो, तो. पावसाळ्यात डब्याबाहेर राहिलेला पापड तासाभरात मऊ पडतो, पण जेवायच्या पाटाला काही होत नाही. तसंच हे. ओंडके वाळायला सबंध कोरडा हिवाळा जावा लागतो. गवताला एक दुपार पुरते. पहाटे दमट असलेलं गवत बारा वाजता काडेपेटीतल्या काडीसारखं झालेलं असतं. म्हणून ‘काल तर पाऊस पडून गेला’ हे वाक्य गवताच्या बाबतीत काही कामाचं नाही.

आणि गवत हीच तिथली खरी गोष्ट आहे. सोनोरन वाळवंट मुळात जळणारं वाळवंट नाही. तिथली झाडंझुडपं एकमेकांपासून अंतर राखून उभी असतात, मध्ये उघडी माती. शेतकऱ्याच्या घरच्यांना हे लगेच समजेल : कडब्याच्या गंज्या एकमेकींना खेटून रचत नाहीत. एक पेटली तर दुसरी वाचावी. वाळवंटाने ही काळजी हजारो वर्षं घेतली. वीज पडली, एक झाड जळलं, संपलं. सग्वारोला आगीची सवयच नाही. पहिली आठ-दहा वर्षं तो बोटभरही वाढत नाही, पहिला हात फुटायला पन्नास-साठ वर्षं किंवा त्याहून जास्त लागतात, आणि दीडशे वर्षं सहज जगतो. एकदा होरपळला की लगेच पडत नाही. हिरवा दिसतो आणि पुढची काही वर्षं उभ्या उभ्या मरत राहतो.

आता त्या गंज्यांच्या मधली जागा भरली गेलीय. बाहेरून आलेली गवतं आणि तण तिथे माजलंय. हिवाळ्यात पाऊस चांगला झाला की मार्चमध्ये सगळं हिरवंगार होतं, फुलं पाहायला लोक गाड्या भरभरून जातात, आणि मी कॅलेंडरकडे पाहते. मेच्या पहिल्या आठवड्यात तेच गवत सोनेरी होतं. ज्या वर्षी हिवाळी पाऊस उत्तम, त्या वर्षीचा वाळवंटातला मे जास्त धोक्याचा. वरच्या डोंगरातल्या पाइनच्या जंगलाचं गणित वेगळं, तिथे कोरडा हिवाळा वाईट. एकाच राज्यात दोन उलटी गणितं.

या गवतांत सगळ्यात दांडगं आहे बफेलग्रास. हे गवत बारमाही, गुडघ्यापर्यंत आणि वर वाढणारं. १९३० च्या दशकापासून गुरांच्या चाऱ्यासाठी आणि माती धरून ठेवायला म्हणून ते तिथे आणलं गेलं. ते जळलं की मुळापासून पुन्हा फुटतं, आणि शेजारचा सग्वारो मात्र जातो, म्हणजे प्रत्येक आगीत त्याचाच फायदा. बाबा दुसऱ्यांदा आले ते डिसेंबरात, शहाणे होऊन. टूसॉनच्या बाजूला एका टेकडीवर फिरत होतो. तिथे काही स्वयंसेवक पहारी घेऊन गवताचे ठोंब उपटून पिशव्यांत भरत होते. बाबांनी खाली वाकून एक तुरा तोडला, बोटांत चोळला, आणि म्हणाले, ‘हे तर अंजन आहे.’ मला खरं वाटेना. घरी येऊन पाहिलं, तर सेंक्रस सिलिॲरिस. अंजन गवत. आफ्रिकेपासून भारतापर्यंतचं मूळ रहिवासी. राजस्थानात कोरडवाहू चाऱ्याचं उत्तम गवत म्हणून त्याचं बी पेरतात, आणि कृषी खात्यात असताना बाबांनी स्वतः पडीक जमिनीसाठी त्याची शिफारस केली होती. त्या स्वयंसेवकांतल्या एका बाईंना त्यांनी मोडक्या इंग्रजीत सांगितलं की आमच्याकडे हे गुरांना घालायला पेरतात. त्या म्हणाल्या, घेऊन जा, सगळं घेऊन जा.

तिकडून वेडी बाभूळ इकडे आली आणि आपली गायरानं गिळून बसली. इकडचं अंजन तिकडे जाऊन सग्वारो जाळतंय. बाबा परतीच्या वाटेवर बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘त्या गवताची काय चूक? ते तिथं नेणाऱ्यानं फक्त चारा पाहिला.’

ठिणगी कुठून येते? ॲरिझोनातल्या बहुतेक आगी माणसाच्या हातून लागतात. ट्रेलरची साखळी रस्त्यावर घासत जाते, तिच्या ठिणग्या कडेच्या गवतात. गरम सायलेन्सरची गाडी वाळल्या गवतावर उभी केली. न विझवलेली शेकोटी : २०११ चा वॉलो वणवा, राज्याच्या इतिहासातला सर्वांत मोठा, असाच सुरू झाला आणि सुमारे ५ लाख ३८ हजार एकर जळले. आणि २०१७ च्या एप्रिलमधली गोष्ट तर तुम्हाला खोटी वाटेल. तिकडे होणारं बाळ मुलगा की मुलगी हे जाहीर करायचा समारंभ करतात. आपल्याकडे तो गुन्हा आहे, तिकडे केक कापतात. एका हौशी बापाने टूसॉनच्या दक्षिणेला माळावर निळी पूड भरलेलं स्फोटक ठेवलं आणि बंदुकीने उडवलं. निळा धूर उडाला, गवत पेटलं, ४७ हजार एकर गेले. जोराच्या वाऱ्याचा दिवस होता. आपलं डोहाळजेवण किती सोसणारं आहे पाहा. फार तर बर्फीऐवजी पेढा निघतो.

२०२० च्या जूनमध्ये मी एक वणवा घरातून पाहिला. १३ जूनला फिनिक्सच्या ईशान्येला हमरस्त्यालगत एका गाडीला आग लागली, ती गवतात उतरली, आणि पुढचे दोन आठवडे टाँटोच्या राष्ट्रीय वनात जळत राहिली. १ लाख ९३ हजार एकर. मुंबई शहर आणि उपनगरं मिळून त्याहून लहान आहेत. ‘बुश फायर’ हे त्या वणव्याचं नाव. कोविडमुळे आम्ही घरूनच काम करत होतो. रात्री माझ्या मागच्या अंगणातून फोर पीक्स डोंगराची कड लाल दिसायची, दिवाळीत कुणी रांगोळीच्या कडेने पणत्या लावाव्यात तशी, आणि ती सुंदर दिसत होती याचा मला राग यायचा. टाँटो बेसिनसारखी गावं रिकामी केली होती.

तिथे घर सोडायचे तीन शब्द आहेत : रेडी, सेट, गो. सज्ज राहा, सामान गाडीत टाका, निघा. माझी एक सहकारी डोंगराच्या पायथ्याशी राहते. तिला एका जूनमध्ये ‘सेट’चा निरोप आला. तिने मला फोन केला, तिची दोन कुत्री आणि आईची चाकाची खुर्ची ठेवायला जागा आहे का विचारायला. गाडीत काय घेतलंस विचारलं. म्हणाली, औषधं, कागदपत्रं, कुत्र्यांचं खाणं, आणि आईचा हट्ट म्हणून भिंतीवरचं लग्नाचं घड्याळ. चार दिवस ती तिघं आणि कुत्री आमच्याकडे राहिली. ‘गो’ आला नाही. ते घड्याळ माझ्या बैठकीत टिकटिकत होतं आणि तिची आई दर तासाला ते पाहून विचारायची, वारा कुठला आहे.

तो प्रश्न बरोबर होता.

जूनच्या शेवटी तिथेही आपल्यासारखीच माणसं आकाशाकडे पाहायला लागतात. तिथल्या पावसाळ्यालाही मान्सूनच म्हणतात. हवामान खात्याच्या हिशेबी तो १५ जूनला सुरू होतो, प्रत्यक्षात फिनिक्सला जुलै उजाडतो. वाळवंटातले मूळ रहिवासी, तोहोनो ओओधम लोक, जूनमध्ये सग्वारोच्याच वाळलेल्या फासळ्यांच्या लांब काठ्यांनी त्याची लाल फळं उतरवतात, त्यांचं मद्य करून पावसाला बोलावतात, आणि त्यांचं नवं वर्ष तिथे सुरू होतं. मृगाची वाट पाहणाऱ्याला हे समजायला भाषांतर लागत नाही.

पण पहिले ढग कोरडे असतात. खालची हवा इतकी तापलेली की पाऊस ढगातून सुटलेला दिसतो, करड्या झालरीसारखा लोंबतो, आणि जमिनीवर पोचायच्या आत उडून जातो. वीज मात्र पोचते. आणि पाऊस उडून जाताना हवेला गार करतो. गार हवा जड, ती धाडकन खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. वळवाच्या आधी आपल्याकडे वावटळ येते, कपडे उडतात, खिडक्या आपटतात, मातीचा वास येतो आणि आपण खूश होतो. तोच वारा. फक्त तिथे डोंगरात आग आधीच लागलेली असेल, तर तो वारा तिचं तोंड फिरवतो.

यार्नेल नावाचं लहानसं गाव फिनिक्सच्या वायव्येला सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर आहे. २८ जून २०१३ च्या संध्याकाळी तिथल्या टेकडीवर वीज पडली. पहिल्या दिवशी आग किरकोळ होती. ३० जूनला प्रेस्कॉट शहराच्या अग्निशमन दलाची ‘ग्रॅनाइट माउंटन हॉटशॉट्स’ ही तुकडी तिथे काम करत होती. हॉटशॉट म्हणजे पाण्याच्या पाइपने नव्हे, कुऱ्हाडी-फावड्यांनी लढणारे. आगीच्या पुढे जाऊन झुडपं तोडून जमिनीचा पट्टा उघडा करायचा, की आग तिथे थांबेल. दुपारपर्यंत वारा आग त्यांच्यापासून लांब नेत होता. त्यांच्या मागे जळून गेलेली काळी जमीन होती, आणि त्या धंद्यात जळलेली जमीन हीच सगळ्यात सुरक्षित जागा. चारच्या सुमाराला वादळाचा तो गार वारा येऊन पोचला. आग उलटी फिरली. तुकडी तेव्हा काळी जमीन सोडून एका बाजूच्या घराकडे उतरत होती आणि तीन बाजूंनी बंद असलेल्या खोलगट जागेत होती. टेहळणीवर असलेला एक जण वाचला. १९ जण गेले. बहुतेक विशीतले. अंगावर ओढायची चंदेरी आच्छादनं त्यांनी ओढली होती. इतक्या जवळच्या ज्वाळेसाठी ती बनलेलीच नसतात. त्यांच्यावर २०१७ साली ‘ओन्ली द ब्रेव्ह’ नावाचा सिनेमा निघाला, तो काहींनी पाहिला असेल.

त्या जागी आता स्मारक आहे. मी फेब्रुवारीत गेले होते, थंडीत, कारण उन्हाळ्यात ती चढण चढवत नाही. वाटेवर थोड्या थोड्या अंतराने खडकात एकेकाची पाटी बसवलीय, फोटोसह. वर पोचल्यावर खाली ती जागा दिसते. दगड भरलेल्या १९ जाळ्या, साखळीने एकमेकींना जोडलेल्या. मी तिथे उभी राहून गाव शोधलं. ती तुकडी ज्या घराकडे निघाली होती ते स्पष्ट दिसत होतं. आपल्या शाळेच्या फाटकापासून मागच्या मैदानाच्या भिंतीपर्यंत तीन-चार फेऱ्या माराव्यात, एवढंच वाटलं मला ते अंतर.

माझं काम वीज कंपन्यांसाठी मागणीचा अंदाज काढणाऱ्या सॉफ्टवेअरचं आहे. म्हणून मी मघाशी तार म्हटलं. फिनिक्सला येणाऱ्या वीजवाहिन्यांपैकी काही याच डोंगरांतून येतात. वणवा तारांखाली गेला की धुरामुळे वाहिनी खंडित होते किंवा मुद्दाम बंद करावी लागते. आणि संध्याकाळी पाच ते सात, जेव्हा लाखो एसी एकदम घुरघुरत असतात, तेव्हाच दिवसभराची हवा सगळ्यात कोरडी आणि वाराही चढलेला असतो. इथे ते दोन शब्द, जे मी इतका वेळ वेगळे ठेवायला सांगतेय, ते परत एकत्र येतात. डोंगरातली आग दीडशे किलोमीटरवरच्या चौथ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या माणसाची खोली तापवू शकते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उष्णतेच्या लाटेत फिनिक्सची वीज काही दिवस गेली तर काय होईल याचा हिशेब मांडला होता, आणि सुमारे १२ हजार ८०० मृत्यूंचा अंदाज निघाला होता. मे-जूनमध्ये आमच्या पडद्यावर एका बाजूला मागणीचा आलेख असतो आणि दुसऱ्या बाजूला उपग्रहाने टिपलेले आगीचे ठिपके. तिथल्या आकाशावरचा हवामान उपग्रह दर पाच मिनिटांनी नवं चित्र देतो. लाल ठिपका वाहिनीच्या जवळ उमटला की कुणीतरी खुर्चीतून उठतं. बहुतेक वेळा तो ठिपका पुढच्या चित्रात विझलेला असतो.

माझी वेळ संपत आलीय हे सर घड्याळाकडे पाहून सांगतायत, दहावीतही असंच सांगायचे.

आपल्या ‘ब’ तुकडीतला एक मित्र वनखात्यात आहे, आणि मेळघाटात त्याने बारा उन्हाळे काढलेत. त्याला मी सकाळी चहाच्या वेळी एक प्रश्न विचारला होता. त्याने सांगितलं की जाळरेषा ते उन्हाळा चढण्याआधीच, थंडी सरता सरता जाळून घेतात, म्हणजे पुढे वणवा आला तर त्याला खायला काही उरत नाही. मोहाच्या झाडाखालचा पालापाचोळा फुलं वेचायला सोपं जावं म्हणून पेटवला जातो, तेंदूपत्त्याच्या वेळीही तसंच, आणि तिथून आगी पसरतात, हेही त्याने सांगितलं. मग मी विचारलं, की मेच्या शेवटी पहिला वळीव येतो, तेव्हा तुमच्याकडे वारा फिरतो का, आणि तेव्हा तुझी माणसं कुठे उभी असतात? तेवढ्यात उपम्याची बशी आली आणि त्याचं उत्तर राहिलं.

मी माईक त्याच्याकडे देते. ये रे, वर ये.